अवघड इंग्लिश शब्द पाठ करताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली मराठी मीडियमची पोरं बँकेच्या नाहीतर एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशन, केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या) परीक्षेला बसायचं म्हटलं की पहिल्यांदा कुठूनतरी एक पीडीएफ मिळवतात, डावीकडं इंग्लिश शब्द आणि उजवीकडं एका शब्दात मराठी अर्थ, आणि मग दिवसभर तेच घोकत बसतात. सगळ्यात मोठी चूक हीच. अशा यादीत नोटोरियससमोर नुसतं 'प्रसिद्ध' लिहिलेलं असलं की पोरगं निबंधात बिनधास्त लिहितं, आमच्या गावची यात्रा नोटोरियस आहे. अरे, नोटोरियस म्हणजे वाईट कामासाठी गाजलेला, कुप्रसिद्ध! तसंच स्लिम आणि स्किनी, मराठीत दोन्ही बारीकच, पण स्लिम म्हटलं तर माणूस खूश होतो, स्किनी म्हटलं तर त्याला लागतं.

म्हणून शब्द एकटा लिहू नका, त्याच्या सोबतचे शब्द घेऊन लिहा. पाऊस हेवी असतो, स्ट्राँग रेन कुणी म्हणत नाही, पण वारा स्ट्राँग चालतो आणि चहा पण स्ट्राँगच. याला नियम शोधत बसू नका, जोडीच लक्षात ठेवायची. आणि आपल्याला हे जमतं की! शाळेत कन्नड विषय म्हणून होतं ते खरं, पण बोलायला आलं ते बाजारात आणि बसमधे, अख्खी वाक्यं कानावर पडून पडून. इंग्लिश असं आपसूक कानावर पडत नाही, म्हणून रोज थोडं मुद्दाम ऐकायचं.

उच्चार देवनागरीत लिहून पाठ करणं पण नडतं. स्पेलिंग बघून लोक सबटल, एपिटोम, हायपरबोल लिहून ठेवतात, खरे उच्चार आहेत सटल, एपिटमी, हायपरबली. एकदा चुकीचं जिभेवर बसलं की काढायला लई त्रास होतो. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, स्पीकरचं चिन्ह दाबा आणि ऐका.

सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा, दोन्ही एकदम घेतले की हमखास गल्लत होते. एक पक्का होऊदे, मग दुसरा.

कुठले शब्द घ्यायचे यात पण लोक फसतात. आयुष्यात एकदाही न लागणारे जड शब्द पाठ करून उपयोग काय? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी काढली, अ‍ॅनलाइज, सिग्निफिकंट असले शब्द त्यात आहेत. कॉलेजची इंग्लिश पुस्तकं वाचायची असतील तर आधी ती यादी घ्या.

आता बऱ्याच जणांची तक्रार, वाचताना शब्द कळतो पण बोलताना तोंडात येत नाही. कारण तुम्ही नुसतं वाचताय, न बघता आठवून बघत नाही. हरमन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकानं 1885 मधेच दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून शब्द झाकायचा, अर्थ बघून तो आठवायचा, दुसऱ्या दिवशी परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, आणि दरवेळी त्या शब्दाचं नवीन वाक्य मोठ्यानं बोलायचं. जो आठवला नाही तो परत उद्याच्या गठ्ठ्यात टाका.