अमेरिकेतले पोलीस, वर्णभेद आणि राष्ट्राध्यक्ष: वाद घालताना या चुका टाळा

पोलिसांच्या हातून एखादा कृष्णवर्णीय माणूस मेला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ठरलेला वाद ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. आधी व्हिडिओ, मग राष्ट्राध्यक्षांचं नाव, मग एक आकडा, मग आवाज चढणं. शाळांच्या वादविवाद स्पर्धांना मी पालक-परीक्षक म्हणून बसते. तिथे कोट-टाय घातलेली सोळा-सतरा वर्षांची मुलंही नेमकं हेच करतात, फक्त वेगाने. इथे माणसं मरतात, त्यामुळे या विषयावर ढिसाळ बोललेलं मला खपत नाही. पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या चुका म्हणून लिहून काढल्या आहेत.

राष्ट्राध्यक्षांना पोलिसांचे साहेब समजणे

आपण महाराष्ट्रातून येतो. तिथे पोलीस महासंचालकांपासून ठाण्यातल्या शिपायापर्यंत एकच साखळी, वर गृहखातं, आणि काही बिनसलं की पहिली मागणी गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याची. तीच साखळी डोक्यात ठेवून आपण अमेरिकेकडे बघतो आणि सगळ्यात वर व्हाइट हाऊस बसवतो.

इथे तशी साखळीच नाही. देशात सुमारे 18,000 वेगवेगळी पोलीस खाती आहेत. शहराचा पोलीस प्रमुख साधारणपणे मेयर किंवा सिटी मॅनेजर नेमतो, पगार शहराच्या तिजोरीतून जातो. काउंटीचा शेरीफ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला असतो. खटला भरायचा की नाही हे ठरवणारा सरकारी वकीलही बहुतेक राज्यांत निवडून येतो. आमच्या न्यू जर्सीत त्याला गव्हर्नर नेमतात. मिनियापोलिसच्या एका पोलिसाला निलंबित करायचं तर राष्ट्राध्यक्षांच्या सहीला तिथे किंमत नाही.

म्हणून ‘ओबामा आठ वर्षं होते, काय केलं?’ आणि ‘हे सगळं ट्रम्पमुळे’ ही दोन्ही वाक्यं माझ्यासमोर टिकत नाहीत. पोलिसांच्या हातून झालेले गाजलेले मृत्यू बघा: फर्ग्युसन 2014 आणि बाल्टिमोर 2015 ओबामांच्या काळात, जॉर्ज फ्लॉइड मे 2020 मध्ये ट्रम्प यांच्या काळात, मेम्फिसचा टायरी निकोल्स जानेवारी 2023 मध्ये बायडन यांच्या काळात. तीन अध्यक्ष, दोन पक्ष.

पण एवढं कळलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात: ‘म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा काही संबंधच नाही.’ ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त खुपते, कारण ती ऐकायला शहाणपणाची वाटते आणि त्या आडून सत्तेतला माणूस सहज हात झटकतो.

1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केली, तिचं चित्रण देशाने पाहिलं. त्यानंतर 1994 च्या गुन्हेविषयक कायद्यात एक कलम आलं: एखादं पोलीस खातं सातत्याने घटनाबाह्य वागत असेल तर केंद्राचा न्याय विभाग त्या संपूर्ण खात्यावर दावा लावू शकतो. त्यातून न्यायालयाच्या देखरेखीखालचा करार निघतो, त्याला कन्सेंट डिक्री म्हणतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनची मंडळी रोज ज्या टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून जातात, तिथे एप्रिल 1998 मध्ये राज्याच्या पोलिसांनी तरुणांच्या एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. कृष्णवर्णीय चालकांना वेचून थांबवलं जातं ही तक्रार तोवर जुनी झाली होती. 1999 मध्ये, क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना, न्यू जर्सी स्टेट पोलीस अशा करारात अडकले. कुणाला का थांबवलं याची नोंद ठेवा, ती वरिष्ठांनी तपासा. हे 2009 पर्यंत चाललं. आमच्या दारातलं उदाहरण, आणि ते सांगणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

हे कलम वापरायचं की गुंडाळून ठेवायचं, हे मात्र राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय विभागाचे प्रमुख, ठरवतात. ओबामांच्या काळात ते जोरात वापरलं गेलं. नोव्हेंबर 2018 मध्ये ट्रम्प यांचे अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी त्याला वेसण घातली, एप्रिल 2021 मध्ये बायडन यांच्या काळात ती काढली गेली, आणि मे 2025 मध्ये न्याय विभागाने मिनियापोलिस आणि लुइव्हिल या दोन्ही शहरांबाबतच्या करारांतून अंग काढून घेतलं. लष्कराची जुनी सामग्री गावच्या पोलिसांना द्यायची का, हेही तसंच: ओबामांनी 2015 मध्ये निर्बंध घातले, ट्रम्प यांनी 2017 मध्ये उठवले. यावर राष्ट्राध्यक्षांना जाब विचारा, हवा तितका विचारा.

सैन्याचा प्रश्न वेगळा. आयझेनहॉवर यांनी 1957 मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी सैन्य पाठवलं ते तिथल्या गव्हर्नरच्या विरोधात जाऊन. थोरल्या बुश यांनी 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या दंगलीत पाठवलं ते गव्हर्नरच्या विनंतीवरून. ही दोन उदाहरणं एका दमात सांगू नका.

माझी सवय अशी: वाद सुरू होताच कागदावर तीन प्रश्न लिहिते. या पोलिसाला नेमलं कोणी? पगार कोण देतं? खटला कोण भरू शकतं? त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांचं नाव येऊ देत नाही. आलं की एकच विचारते, ‘कोणत्या अधिकाराखाली?’

दोनातला एकच अहवाल वाचणे

एका शनिवारच्या फेरीत समोर दोन हुशार संघ होते. विषय पोलीस सुधारणांचा. एका मुलीने फर्ग्युसनचा दाखला दिला: न्याय विभागानेच सांगितलं आहे की पोलिसाविरुद्ध खटला उभा राहत नाही. समोरच्या मुलाने तितक्याच ठामपणे सांगितलं: त्याच न्याय विभागाने म्हटलं आहे की फर्ग्युसनचे पोलीस घटना पायदळी तुडवत होते. तारीख दोघांचीही तीच, 4 मार्च 2015. पुढची सगळी फेरी त्यांनी एकमेकांना खोटं ठरवण्यात घालवली. दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी अहवाल दोन निघाले होते, आणि प्रत्येकाने आपल्या बाजूचा एक परिच्छेद कुणाच्या तरी फाइलमधून उचलला होता. फेरी संपल्यावर दोघांना विचारलं, मूळ अहवाल उघडला होता का? नाही. वेळ नव्हता.

वेळ नव्हता हे मला पटत नाही. तयार उतारे गोळा करायला महिना मिळतो, तर शंभरेक पानं वाचायला दोन संध्याकाळ मिळतातच.

पहिला अहवाल मायकेल ब्राऊन या कृष्णवर्णीय तरुणाच्या 2014 मधल्या मृत्यूपुरता आहे. हात वर करून शरण येत असताना त्याला गोळ्या घातल्या, असं सांगणारे साक्षीदार तपासात टिकले नाहीत, म्हणून डॅरेन विल्सन या पोलिसावर केंद्राचा खटला होऊ शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. तोवर ‘हँड्स अप, डोन्ट शूट’ ही घोषणा देशभर झाली होती.

दुसरा अहवाल त्या गावाचा आहे, आणि तो वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. फर्ग्युसन हे 21,000 वस्तीचं गाव. कृष्णवर्णीय 67 टक्के. पण 2012 ते 2014 या काळात थांबवलेल्या गाड्यांत ते 85 टक्के, दंडाच्या पावत्यांत 90 टक्के आणि अटकेत 93 टक्के. दंड हे गावाच्या उत्पन्नाचं साधन झालं होतं. पावत्या वाढवल्या नाहीत तर वसुली वाढणार नाही, असं वित्त अधिकारी पोलीस प्रमुखांना लेखी कळवत होते. त्यात एका बाईची हकिकत आहे. 2007 मध्ये तिने गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, 151 डॉलर आणि वर शुल्क. पैसे नव्हते, मध्येमध्ये डोक्यावर छप्परही नव्हतं. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा दंड, नवं वॉरंट. तिने 25 आणि 50 डॉलरचे हप्ते भरून पाहिले, न्यायालयाने ते परत पाठवले. दोनदा अटक, सहा दिवस तुरुंगात. 2014 च्या डिसेंबरपर्यंत तिने 550 डॉलर भरले होते, आणि तरी 541 डॉलर देणं बाकी होतं.

ब्राऊनचं प्रेत रस्त्यावर पडलं तेव्हा ते गाव का पेटलं, हे या पार्किंगच्या पावतीवरून जितकं कळतं तितकं कुठल्याच व्हिडिओवरून कळत नाही. पहिला अहवाल लपवून दुसरा मिरवणारे आणि दुसरा लपवून पहिला मिरवणारे, दोघांनाही मी सारखेच गुण कापते.

याच कारणाने पहिल्या आठवड्यात मी मत देत नाही. फर्ग्युसनमध्ये जमावाची पहिली कहाणी टिकली नाही. मिनियापोलिसमध्ये पोलिसांचं पहिलं पत्रक टिकलं नाही: त्यात जॉर्ज फ्लॉइड ‘वैद्यकीय घटने’नंतर मरण पावला असं होतं, पोलिसाने त्याच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्यावरच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर तेच पत्रक कायम राहिलं असतं. तो पोलीस, डेरेक शॉव्हिन, दोषी ठरला एप्रिल 2021 मध्ये.

आकडा फेकणे, पण ‘कशाच्या मानाने’ ते न सांगणे

‘पोलिसांच्या गोळीने गोरेच जास्त मरतात’ हे खरं आहे. ‘कृष्णवर्णीय दुपटीहून अधिक प्रमाणात मरतात’ हेही खरं आहे. वॉशिंग्टन पोस्टने 2015 पासून ठेवलेल्या नोंदीत वर्षाला हजाराच्या आसपास माणसं पोलिसांच्या गोळीने मेली. कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या सुमारे 14 टक्के, मृतांत जवळपास पाव. पहिल्या वाक्यात नुसती संख्या आहे, दुसऱ्यात लोकसंख्येच्या मानाने दर.

मग कुणीतरी म्हणतं, लोकसंख्येशी नको, पोलिसांशी किती गाठ पडते त्याच्याशी तुलना करा. ठीक. हार्वर्डचे रोलंड फ्रायर यांनी 2016 मध्ये तसंच केलं. गोळीबारात त्यांना वर्णाचा फरक आढळला नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच अभ्यासात ढकलणं, भिंतीला टेकवणं, बेड्या घालणं यांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला लक्षणीय जास्त बळ येतं असंही आढळलं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि मूळ अडचण पुढेच आहे: पोलिसांच्या दप्तरात फक्त पोलिसांनी थांबवलेली माणसं असतात. थांबवतानाच भेद होत असेल तर तो या हिशेबात दिसणारच नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली सुमारे 6,85,000 वेळा लोकांना थांबवलं गेलं, त्यातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक झाली ना पावती. 2013 मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली.

मी आकडा लिहून घेते आणि त्याच्यापुढे ‘कशाच्या मानाने’ एवढंच लिहिते. समोरच्याला ती जागा भरता आली नाही, तर तो आकडा माझ्यासाठी बाद.

थोडक्यात उरकण्याजोग्या

‘पोलीसही कृष्णवर्णीय होता, मग वर्णभेद कुठला?’ मेम्फिसमध्ये निकोल्सला मारहाण करणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. खात्याची शिस्त, प्रशिक्षण आणि कोणत्या वस्तीत कोणतं पथक पाठवायचं हे निर्णय शिपायाच्या रंगाने बदलत नाहीत.

‘निर्दोष सुटला म्हणजे काही चुकलं नाही.’ केंद्राच्या फौजदारी खटल्यात पोलिसाने जाणूनबुजून हक्क डावलला हे सिद्ध करावं लागतं. ती पायरी फार उंच आहे.

‘1994 च्या कायद्याने तुरुंग भरले.’ कैद्यांची वाढ 1970 च्या दशकातच सुरू झाली होती आणि बहुतेक कैदी राज्यांच्या तुरुंगात आहेत. शिवाय पोलीस खात्यांवर दावा लावायचा अधिकार त्याच कायद्याने दिला.

‘2020 मध्ये खून वाढले ते आंदोलनामुळेच.’ खून सुमारे 30 टक्के वाढले हे खरं, पण ‘मुळेच’ म्हणणाऱ्याने साथीचं वर्ष आणि बंदुकांची खरेदी बाजूला का ठेवली ते आधी सांगावं.

रील पाहून तयारी करणाऱ्यांबद्दल मला काही सांगायचं नाही. त्यांना मी हरवते.

‘हा आपला प्रश्न नाही’

ही चूक मुलं करत नाहीत, आपण करतो. ‘आपण शिकलेले, कायदा पाळणारे, आपल्याला कोण थांबवतंय?’ फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात गुजरातहून नातवासाठी आलेले आजोबा मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला: एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, ते ‘इंडिया’ म्हणत घराकडे बोट दाखवत राहिले. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. पोलिसावर केंद्राने खटला भरला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. आपल्या घरांतही उन्हाळ्यात आई-बाबा येतात आणि जेवणानंतर शतपावलीला बाहेर पडतात. फोन करणाऱ्याला तुमची पदवी दिसत नाही.

आणि ज्योतिराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो प्रश्न आपला वाटला. एडिसनमध्ये राहून तो परका म्हणणाऱ्याशी मी वाद घालतेच.

वाद घालायला व्हाइट हाऊसपर्यंत जायची गरजही नसते. न्यू जर्सीत प्रत्येक पोलीस खात्याने केव्हा, कुणावर, किती बळ वापरलं याची माहिती राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर आहे, कुणालाही बघता येते. आपल्या गावाचं नाव निवडून आकडे छापून घ्या, आणि टाउन कौन्सिलमध्ये पोलिसांच्या अंदाजपत्रकावर चर्चा असेल त्या संध्याकाळी जाऊन बसा. नागरिकांना बोलायला वेळ देतात. मोजकी मिनिटं असतात, म्हणून प्रश्न आधीच लिहून न्या.