मोठ्या संख्या लाख-कोटींत दाखवणे आणि परत वाचून घेणे

प्रोग्रॅममधील मोठी संख्या माणसाला वाचता येईल अशी दाखवताना दोन वेगळी कामे करावी लागतात: अंकांमध्ये योग्य जागी स्वल्पविराम देणे आणि संख्या लाख, कोटी अशा एककात थोडक्यात मांडणे. ही दोन्ही रूपे फक्त पडद्यापुरती वापरावीत आणि डेटाबेसमध्ये मूळ पूर्णांकच ठेवावा, कारण एकदा ‘१.२ कोटी’ एवढेच साठवले की त्यातून १,२३,४५,६७८ ही संख्या पुन्हा काढता येत नाही.

आपल्याकडे उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे सगळे दोन-दोन अंकांचे असतात, आणि नेमके हेच अनेक भाषांच्या तयार सोयींना जमत नाही. पायथनचा स्वल्पविरामाचा फॉरमॅट १२,३४५,६७८ असे लिहून मोकळा होतो. जावाच्या मूळ डेसिमलफॉरमॅटलाही दोन आकारांचे गट पाडता येत नाहीत, त्यासाठी आयसीयू (अनेक भाषांचे अंक-मजकूर हाताळणारी) लायब्ररी घ्यावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) दिले की गट बरोबर पडतात, मात्र अंक देवनागरी येतात. ते नको असतील तर इंग्रजी-भारत लोकेल वापरावे. हे काम स्वतः लिहायचे असेल, तर आधी ऋण चिन्ह आणि दशांश भाग बाजूला काढावेत, पूर्णांकाचे शेवटचे तीन अंक तोडावेत आणि उरलेल्या अंकांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करावेत.

एकक निवडण्यासाठी लॉगरिदम वापरण्याचा मोह टाळावा. जावास्क्रिप्टमध्ये १००० च्या नैसर्गिक लॉगरिदमला १० च्या लॉगरिदमने भागले, तर ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ येते आणि खालचा पूर्णांक घेताच हजाराची संख्या शेकड्यात जाऊन बसते. त्यापेक्षा कोटी, लाख, हजार अशा उतरत्या क्रमाने निरपेक्ष किमतीची तुलना करणे सोपे आणि बिनचूक आहे. खरी मेख सीमारेषेवर आहे. ९९,९९,९९० ही संख्या कोटीपेक्षा लहान असल्यामुळे प्रोग्रॅम लाख निवडतो, पण दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केल्यावर ‘१००.०० लाख’ असे विचित्र रूप उमटते. म्हणून पूर्णांकन झाल्यानंतर किंमत १०० ला पोहोचली का ते पुन्हा तपासून पुढचे एकक घ्यावे. हजारालाही हाच नियम लागू आहे. कोटीच्या वर ‘लाख कोटी’ लिहिणेच बरे, कारण खर्व म्हणजे नेमके किती याबद्दल सर्वांचे एकमत नाही.

उलट प्रवास जास्त निसरडा आहे. वापरकर्ता ‘४.३५ लाख’ असे टंकतो तेव्हा प्रथम देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ असतात हे लक्षात घेऊन प्रत्येकातून २४०६ वजा करावेत. पायथनचे इंट असे अंक स्वतःच वाचते, जावास्क्रिप्टचे नंबर वाचत नाही. मग स्वल्पविराम काढावेत, कारण जावास्क्रिप्टचे पार्सफ्लोट सवा लाखाचा पहिला स्वल्पविराम दिसताच थांबते आणि कसलीही तक्रार न करता १ परत देते. तरीही लोकेल माहीत नसताना ते सरसकट काढू नयेत. जर्मन लिखाणात स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह असते.

त्यानंतरचा गुणाकार साध्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) केला, तर ४.३५ गुणिले १,००,००० याचे उत्तर ४३४९९९.९९९९९९९९९९४ येते आणि अपूर्णांक छाटला की एक रुपया गायब होतो. यासाठी दशांश (अपूर्णांक अचूक साठवणारा) प्रकार वापरावा, किंवा अक्षरमालेवरच काम करावे: दशांश चिन्ह काढून ‘४३५’ घ्यावे आणि लाखाच्या पाच शून्यांतून दोन दशांश स्थळे वजा करून उरलेली तीन शून्ये जोडावीत. दशांश स्थळे शून्यांपेक्षा जास्त निघाली, तर मजकूर नाकारावा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकांचीही खात्री राहत नाही, त्यामुळे तिथे बिगइंट (मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार) घ्यावे.

फाइलींच्या आकारांसाठी हाच कोड वापरू नये. तिथे पाया १००० की १०२४ हे आधी ठरवावे लागते; एक टेराबाइटची डिस्क १०२४ च्या हिशेबाने साधारण ९३१ गिबिबाइट (१०२४ च्या पायावरचे गिगाबाइट) भरते ती यामुळेच. लिनक्सवरील नमएफएमटी ही आज्ञा दोन्ही पद्धती जाणते, पण ‘१के’ हा मजकूर एसआय पर्यायाने १००० आणि आयईसी पर्यायाने १०२४ असा वाचते, म्हणून स्क्रिप्टमध्ये पर्याय नेहमी स्पष्ट लिहावा.