डीएनएचे पदर कधी सुटतात? गणित मांडताना या चुका टाळा

पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्था असोत की गणेशखिंडीचं विद्यापीठ, उन्हाळी प्रकल्प सुरू झाले की त्याच चुकांचे आलेख पुन्हा समोर येतात. मॉडेल बरोबर असतं, नडते ती घाई.

सर्वांत महाग पडते सांद्रतेची हेळसांड. सी-जी-टी-टी-जी-ए-सी-सी-टी-जी-ए-जी हा १२ बेसचा तुकडा घ्या. संशोधक सांतालुसिया यांच्या १९९८च्या निअरेस्ट-नेबर (शेजारशेजारच्या बेसच्या) आकड्यांनी ११ शेजारजोड्या आणि दोन टोकं धरली की एन्थाल्पी येते −९२.१ किलोकॅलरी, एन्ट्रॉपी −२५१.५ कॅलरी. एन्थाल्पीला आधी १००० ने गुणा. मग एन्ट्रॉपीत १.९८७ (वायू स्थिरांक, कॅलरीत) गुणिले (एकूण सांद्रता भागिले ४)चा नैसर्गिक लॉग मिळवून त्याने एन्थाल्पीला भागा, आणि केल्विनचे सेल्सिअस करायला २७३.१५ वजा करा. प्रत्येक पदर १ मायक्रोमोलर, म्हणजे एकूण २ (०.०००००२ मोलर), तर टीएम, म्हणजे निम्मे पदर सुटतात ते तापमान, ५५.४ अंश सेल्सिअस.

इथे मोलरऐवजी नुसता '२' टाकला की उत्तर ९१! एवढासा तुकडा ९१ अंशांना टिकेल कसा? निदान ही चूक डोळ्यांत भरते. 'भागिले ४' राहिलं तर येतात ५८.७, आणि ते खरे वाटतात म्हणून जास्त घातक. (स्वपूरक, म्हणजे स्वतःच्याच प्रतीशी जुळणाऱ्या तुकड्याला मात्र ४ने भागायचं नाही, तिथे एन्ट्रॉपीत −१.४ धरायचे.) १.९८७च्या जागी ८.३१४ (तोच स्थिरांक, पण ज्यूलमध्ये) घातला तर पदर शून्याखाली २६ अंशांनाच सुटलेले दिसतील.

दुसरी चूक मिठाची. वरचे ५५.४ हे १ मोलर सोडियमचे. नळीत ५० मिलिमोलर असेल तर ०.३६८ × ११ × नैसर्गिक लॉग(०.०५), म्हणजे −१२.१, एन्ट्रॉपीत मिळवा. टीएम थेट ४१.८ वर उतरतं. जवळजवळ १४ अंशांचा फरक! मॅग्नेशियम असेल तर त्याची दुरुस्ती वेगळी. हा तुकडा आधी वहीत हाताने सोडवा, ५५.४ आणि ४१.८ जुळेपर्यंत कोडला हात लावू नका.

'प्रत्येक जीसी जोडीला ४ अंश, एटीला २' या झटपट नियमाला बेसचा क्रम दिसतच नाही. अंदाजापुरता ठीक, प्रबंधात नको.

शेकडो बेसच्या डीएनएला 'जुळलेला किंवा सुटलेला' हे दोनच अवस्थांचं गणित लावू नका. एटीबहुल भाग आधी उघडतो, मधे बुडबुडे, म्हणजे सुटलेल्या पदरांचे लूप, तयार होतात. तिथे या लूपांचा हिशेब ठेवणारं पोलंड-शेरागा मॉडेल (१९६६) हवं. त्यातला लूपचा घातांक (लूप लांबला की दंड किती वाढतो ते सांगणारा) डोळे झाकून उचलू नका: आदर्श साखळीला १.५, स्वतःला न छेदणाऱ्या लूपला सुमारे १.७६, आणि भोवतालच्या साखळीचाही अडथळा धरला की २.१च्या आसपास. घातांक २च्या वर गेला की पदर सुटण्याचं संक्रमण एकदम होतं. सुटलेल्या टोकांना लूपचा दंड लावायचा नाही, हेही बरेच जण विसरतात.

बेसजोडीतलं अंतर मोजणाऱ्या पेरार्ड-बिशप मॉडेलमध्ये (१९८९) मोर्स विभव (जोडीची ऊर्जा अंतरानुसार सांगणारा) लांबवर सपाट होतो, त्यामुळे अंतराला वरची मर्यादा नसेल तर विभाजन फल (सगळ्या अवस्थांची भारित बेरीज) अनंताकडे जातं. मर्यादा किती घेतली ते आलेखाखाली लिहा.