पाणी फोडणारा कॅटलिस्ट: पेपर लिहायला घेण्याआधी या चुका टाळा

मुंबईतल्या प्रयोगशाळांत पावसाबरोबर नवी पोरं येतात आणि दिवाळीपर्यंत प्रत्येकाचा कॅटलिस्ट (विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्याचं काम सोपं करणारा पदार्थ) ‘जबरदस्त’ निघालेला असतो. कुणी आलेख दाखवायला आलं की मी आधी त्याची पोटॅशची, म्हणजे द्रावणासाठी वापरलेल्या केओएच या अल्कलीची, बाटली मागवते.

एका विद्यार्थ्याने निकेल हायड्रॉक्साइडमध्ये सल्फर घातलं होतं. ऑक्सिजनच्या बाजूचा करंट दिवसागणिक चढत गेला. श्रेय सल्फरला देऊन पोस्टरही छापून झालं. मग बाटली संपली, प्रिन्सेस स्ट्रीटवरून वेगळ्या ग्रेडचं केओएच आलं आणि कॅटलिस्ट थंड पडला. इतके दिवस राबत होतं ते जुन्या बाटलीतलं लोखंड! निकेल हायड्रॉक्साइड ते द्रावणातून ओढून घेतं आणि ऑक्सिजन भराभर सुटू लागतो. हे 1987 सालीच छापून आलंय, पण जुने पेपर वाचायला वेळ कुणाला आहे? माझी सवय सांगते: शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ करून पोटॅश त्यात ढवळायचं. लोखंड गाळाला चिकटतं. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्यायचं आणि प्लॅस्टिकच्याच बाटलीत ठेवायचं, कारण अल्कलीत काच झिजते. शिवाय जुलैत केओएचचं झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नका. परत येईपर्यंत दाण्यांना पाणी सुटलेलं असतं, मग वजनाला काय अर्थ?

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे हायड्रोजनच्या चाचणीत काउंटरला, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनमची तार. आम्लात ती विरघळते आणि तुमच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसते, मग काम प्लॅटिनमच करतं. ‘सायकलिंगने (व्होल्टेज वर-खाली फिरवत राहून) कॅटलिस्ट सक्रिय झाला’ असं कुणी म्हणालं की मी तार बघते. ग्रॅफाइटची कांडी लावा. ती स्वस्तही आहे.

आयआर करेक्शन, म्हणजे द्रावणाच्या रोधात वाया गेलेला व्होल्टेज वजा करणं, शंभर टक्के करू नका. आलेखाची रेघ मागे वळली तर समजा जास्त झालं. मी 85 वर थांबते.

निकेल फोमवर (सच्छिद्र निकेलवर) हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत 1.4 व्होल्टच्या आसपास निकेलचंच ऑक्सिडेशन होतं. त्या उंचवट्यावर 10 मिलीअँपिअर वाचून ओव्हरपोटेन्शियल (किमान गरजेपेक्षा जास्तीचा लागणारा व्होल्टेज) सांगणं ही निव्वळ घाई. करंट स्थिर ठेवून मोजा.

अल्कलीत सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) नको, मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या. तोही हायड्रोजनच्या बुडबुड्यांत प्लॅटिनमसमोर धरून तपासा.

आणि कार्बन पेपरवर ऑक्सिजन काढताय? मग पेपरही जळत असतो. करंटवर विसंबू नका, वायू मोजा. वायू मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राची रांग मोठी आहे, ठाऊक आहे. नंबर लावा.