जॅक-पाना घ्यायला निघण्याआधी गाडीखाली टेप धरा

सेकंडहँड गाडी घेतलेलं गिऱ्हाईक आठवड्याभरात माझ्या काउंटरवर येतंच. सीट कव्हर घेतं, मॅट घेतं आणि निघता निघता म्हणतं, "हां, एक जॅक पण द्या. डिकीत नाहीये." कुठली गाडी विचारलं तर उत्तर येतं, "दोन टनाचा द्या हो, टेन्शन नको." कराडला हायवेलगत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. दोन टनाचा जॅक खपला तर माझं काही बिघडत नाही. पण वॅगन आर रिकामी असली की अख्खी टनभरही भरत नाही, आणि जॅकवर येतो तो एकाच कोपऱ्याचा भार, म्हणजे निम्म्याहून कमी. लहान गाडीला एक टनाचा जॅक पुरतो, मोठीला दीड-दोन टनाचा घ्या. टनाचा विषय एवढाच.

खरं अडतं ते उंचीवर. चाक पंक्चर झालं की त्या बाजूची गाडी खाली बसते. बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा, तेलावर चालणारा जॅक, मिटलेला असतानाच १८-२० सेंटीमीटर उंच असतो. बसलेल्या गाडीखाली तो जातच नाही, मग लोक रस्त्याकडेला दगडाने माती उकरत बसतात. कात्रीचा जॅक मिटून दहाएक सेंटीमीटरवर येतो, म्हणून लहान गाड्यांना कंपनी तोच देते.

तेव्हा दुकानात येण्याआधी हे माप घ्या. दाराच्या खाली पत्र्याची एक उभी कड असते. पुढच्या चाकाच्या लगेच मागे आणि मागच्या चाकाच्या लगेच पुढे हात फिरवला की त्या कडेला दोन्ही ठिकाणी जवळजवळ असलेल्या दोन-दोन खाचा लागतात. जॅकची जागा त्या जोडीतल्या दोन खाचांच्या मधली. तिथून जमिनीपर्यंत टेप धरा. हवा गेलेल्या चाकावर मोजता आलं तर उत्तम, नाहीतर भरलेल्या चाकावरच्या मापातून आठेक सेंटीमीटर वजा करा. मिटलेला जॅक त्याच्या आत बसला पाहिजे. जॅक पूर्ण उघडून किती उंच हवा ते काढायला भरलेल्या चाकाचं माप धरून त्यात निदान १५ सेंटीमीटर मिळवा. गाडी उचलली तरी सस्पेन्शन खाली लोंबतं, चाक लगेच जमीन सोडत नाही, आणि हवा भरलेली स्टेपनी आत घालायला आणखी जागा लागते. एवढी उंची जॅकने गाठायलाच हवी.

मग जॅकचं डोकं बघा. त्याला मधोमध खोबण हवी, म्हणजे पत्र्याची कड त्यात बसते आणि भार दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर येतो. सपाट डोक्याचा जॅक त्या कडेखाली लावला की कड दुमडते, नाहीतर गाडी सरकते. बोलेरोसारख्या चासीवाल्या, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे चासीला किंवा ॲक्सलला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लागतो आणि बॉटल जॅक छान चालतो. फक्त तो डिकीत उभाच ठेवा, आडवा पडून राहिला की सीलमधून तेल झिरपतं.

कात्रीचा जॅक माझ्यासमोर पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटवा. लाजू नका. स्क्रू फिरताना डुलत असेल तर तो वाकलेला आहे. आट्यांच्या कडा धारदार, पातळ झाल्या असतील तर जॅक झिजलेला आहे. उघडलेला जॅक धरून आडवा हलवा, रिबिटं खडखडली तर परत ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी तुमच्याच मॉडेलचा कंपनीचा जॅक मिळाला आणि या परीक्षेत पास झाला, तर माझ्याकडच्या नव्यापेक्षा तो घ्या. तो तुमच्या डिकीतल्या खोबणीत अचूक बसेल. तिथे ठेवून हाताने थोडा उघडला की घट्ट अडकतो. न बसणारा जॅक खड्ड्याखड्ड्याला वाजतो आणि जोरात ब्रेक लागला की डिकीभर आपटत फिरतो. आणि हो, फिरवायचा आकडेदार रॉड मागून घ्या. जॅक देतात, रॉड विसरतात.

आता चाकाचे नट खोलायचा पाना. मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना १९ नंबर (म्हणजे मिलिमीटर), ह्युंदाई आणि टोयोटाला २१. पण ग्लान्झावर टोयोटाचा बिल्ला असला तरी आतून ती बलेनोच आहे, तिला १९ नंबर. पोलोला नट नाही, बोल्ट आहेत, १७ नंबरचे. पान्याचं तोंड सहा कोनी घ्या. बारा कोनी तोंड कोपऱ्यांवरच पकडतं आणि जाम नट गोल करतं. अलॉय व्हील असेल तर तोंडाची भिंत पातळ हवी, नाहीतर पाना भोकातच शिरत नाही. एखादा नट इतरांपेक्षा वेगळा दिसला तर तो चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला लॉक नट. त्याची चावी, म्हणजे त्यावर बसणारं खास तोंड, जुन्या मालकाकडून आजच मागून घ्या, कारण तिच्याशिवाय कुठलाच पाना उपयोगाचा नाही.

लांबीवर कंजूषपणा करू नका. नट साधारण ९० ते १२० न्यूटन मीटरला (हे पिळण्याच्या जोराचं माप) आवळायचे असतात. १०० धरले तर पाव मीटरच्या पान्यावर चाळीसेक किलोचा जोर लागतो, अर्ध्या मीटरच्या पान्यावर वीस किलोचा. शिवाय टायरच्या दुकानात एअर गनने नट हवे तसे ठोकलेले असतात, ते आखूड एल पान्याला दादच देत नाहीत. चार तोंडांचा प्लस पाना दोन्ही हातांनी चालतो, पण डिकीत जागा खातो. मी घरच्या गाडीत लांब होणारा टेलिस्कोपिक पाना ठेवलाय. आवळताना मात्र तो आखूड करायचा. लांब दांडीवर उभं राहून आवळलं की स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांड्याचे, आटे जातात.

हे सगळं घेण्याआधी डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनी आहे का तेवढं बघा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम २०२० मध्ये आला. अशी गाडी असेल तर जॅक उचलून काय करणार? तुमचे पैसे हवा भरायच्या पंपावर जाऊ द्या.

आणि घेतलेला माल दुकानासमोरच लावून बघा. जागा सपाट आहे. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, मग गाडी उचला. जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही, नट खाली घरंगळला तरीही. नाही जमलं तर तिथल्या तिथे बदलून देतो. दोन महिन्यांनी चिखलात माखलेला जॅक घेऊन आलात तर चहा देईन, पैसे नाही.