खारीला घेऊन मोठ्या हॉटेलात राहायला जाताना

खोली बुक करण्याआधी कुत्र्याचं वजन करा. घरातला माणसांचा काटा चालतो. आधी एकट्याने उभं राहायचं, मग त्याला उचलून घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. आमची खारी भरली साडेसोळा किलो. खारी म्हणजे बेकरीतल्या खारीच्या रंगाची, परळच्या एका गल्लीत सापडलेली देशी कुत्री, आता सात वर्षांची आहे. हा आकडा आधी हाताशी का हवा, ते आम्हाला रात्री नऊ वाजता एका हॉटेलच्या पोर्चमध्ये कळलं. घरात लाद्या बदलायचं काम निघालं होतं आणि तीन रात्री बाहेर काढायच्या होत्या. फोनवर ‘हो मॅडम, पेट्स अलाउड आहेत’ असं ऐकून आम्ही पैसे भरून टाकले. काउंटरवर गेल्यावर समजलं की १० किलोच्या वरचा कुत्रा चालत नाही. बॅगा तशाच पडलेल्या, खारी माझ्या पायाला चिकटून थरथरतेय आणि नवरा मुलुंडच्या मावशींना फोन लावतोय. मावशींनी ठेवून घेतलं, चहा केला, खारीला दूधभात दिला. पण फोनवरच्या ‘हो’वर मी त्यानंतर कधी विसंबले नाही.

तेव्हा दुसरं काम ईमेलचं. आपल्या कुत्र्याचं वय, वजन, जात, सगळं लिहून पाठवायचं आणि लेखी उत्तर मागायचं. ‘देशी’ हा शब्द मुद्दाम लिहा. लॅब्रॅडॉर म्हटलं की हसून स्वागत आणि देशी म्हटलं की ‘विचारून सांगतो’, असं अजूनही होतं. मला त्याचा दरवेळी त्रास होतो, पण तो घरी बसून झालेला बरा, काउंटरवर नको. साफसफाईचे वेगळे पैसे घेतात का, ते परत मिळतात का, दर रात्रीचे आहेत की सगळ्या मुक्कामाचे, हे विचारा. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, तो या पैशांवरही लावणार का, तेही विचारून घ्या. कुत्र्याला घेऊन पाहुण्यांच्या लिफ्टने जायचं की सामानाच्या? खोली खालच्या मजल्यावर, लिफ्टपासून लांब मिळेल का? आणि एक प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही: त्या रात्री लॉनवर किंवा बँक्वेटमध्ये लग्न आहे का? मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत डिसेंबरमध्ये रोज कोणाची तरी वरात असते. बारा वाजेपर्यंत ढोल आणि वर फटाके असले, तर पैसे मोजून घेतलेली खोली कुत्र्यासाठी शिक्षा ठरते. गणपती आणि दिवाळीत मी तर खारीला कुठेच नेत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी शेवटी विचारते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं ठरतं. सकाळी आम्ही नाश्त्याला खाली गेलो की कुत्रा कुठे असेल? बहुतेक ठिकाणी कुत्रा रेस्टॉरंटमध्ये चालत नाही, स्विमिंग पूलपाशी चालत नाही आणि खोलीत एकटाही ठेवू देत नाहीत. तिन्ही नियम आपापल्या जागी रास्त आहेत, पण ते एकत्र आले की घरातल्या एका माणसाला कायम खोलीत बसावं लागतं. दोघं असाल तर आळीपाळीने खा किंवा नाश्ता खोलीत मागवा. एकट्याने जात असाल तर हे उत्तर हातात आल्याशिवाय बुकिंग करू नका. बाहेर बसायची जागा आहे आणि तिथे कुत्रा पायाशी चालतो, असं कळवणारं हॉटेल मिळालं तर ते धरून ठेवा. कुत्र्यांसाठी वेगळं मेन्यूकार्ड छापणाऱ्या हॉटेलापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

टाटा समूहाच्या ताज हॉटेलांचं नाव इथे निघतंच. रतन टाटांचं कुत्र्यांवरचं प्रेम मुंबईला ठाऊक आहे. २०१८ मध्ये टाटा समूहाच्या मुख्यालयाचं, बॉम्बे हाऊसचं, नूतनीकरण झालं तेव्हा भटक्या कुत्र्यांसाठी तिथे खास खोली केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा ‘गोवा’ नावाच्या त्यांच्या कुत्र्याला अंत्यदर्शनाला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आणलं होतं. तो फोटो बघताना मी खारीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. पण मालकाला कुत्र्यांची माया असणं वेगळं आणि त्या समूहाच्या हॉटेलात आपला कुत्रा पाहुणा म्हणून चालणं वेगळं. नावावर जाऊ नका, ज्या हॉटेलात राहायचंय त्यालाच विचारा.

आता कागद. लसीकरणाचं पुस्तक, त्यात रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी. डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगांवरचं एकत्र इंजेक्शनही वेळेवर झालेलं हवं. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोकडे दुर्लक्ष करून चालत नाही, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. लस बाकी असेल तर ती निदान दोन आठवडे आधी घ्या, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. मुंबईत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो, त्याची प्रत जोडा. सगळ्याचे फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स पिशवीत असू द्या. गोचिडांच्या औषधाचा आणि आंघोळीचा मेळ मात्र नीट घालायला हवा. मानेवर थेंब सोडायचं औषध असेल तर बहुतेक औषधांना आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ चालत नाही. म्हणून आंघोळ आठवडाभर आधी, मग तीन दिवसांनी थेंब, आणि निघायच्या दिवशी फक्त ओल्या फडक्याने पुसणं, हा क्रम मी पाळते. नखंही त्याच आठवड्यात कापते.

नखांवरून लाद्यांकडे येते, कारण खरी तयारी घरीच करावी लागते आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. आमच्या दादरच्या घरात जुन्या खरबरीत लाद्या होत्या, खाली अंगणात शहाबादी फरशी. खारीने चकचकीत संगमरवर कधी पाहिलाच नव्हता. पुढे एका हॉटेलने लेखी होकार दिला आणि आम्ही गेलो. लॉबीत चार पावलं टाकली आणि तिचे चारी पाय चार दिशांना गेले. नखं टकटक वाजायला लागली, पोट जमिनीला टेकलं आणि ती तिथेच बसली. ओढावं तर घसरते, उचलावं तर घाबरून अंग ताठ करते. दाराशी उभ्या असलेल्या वयस्कर काकांनी एक शब्द न बोलता पावसाळ्यात टाकायचं रबरी पायपुसणं आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती त्यावर चढली, दुसरं त्याच्या पुढे ठेवलं, त्यावर गेली, मग पहिलं उचलून पुन्हा पुढे. अशी आम्ही लिफ्ट गाठली. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन पातळ योगा मॅट गुंडाळलेल्या असतात. पावलांच्या तळव्यातले केसही कात्रीने जपून कमी करते, त्याने पकड येते. तुमच्या घराजवळ मॉल असेल आणि तिथे कुत्रा चालत असेल, तर महिनाभर आधीपासून रोज दहा मिनिटं त्या फरशीवर फिरवा.

लिफ्टचंही तसंच. आमच्या इमारतीत जाळीची जुनी लिफ्ट होती, बाहेरचं सगळं दिसायचं. बंद, आरशाच्या लिफ्टमध्ये कुत्र्याला समोर दुसरा कुत्रा दिसतो. ओळखीच्या कोणाच्या टॉवरमध्ये जाऊन सराव करा. आत शिरताना पट्टा आखूड धरायचा, कुत्रा कोपऱ्यात, आपण त्याच्या आणि दाराच्या मध्ये. लिफ्टचं दार लागताना पट्टा बाहेर अडकला तर जीवावर बेतू शकतं, म्हणून लांब होणारा गुंडाळीचा पट्टा हॉटेलात नेऊच नका. मग दारावरची टकटक. हॉटेलात दिवसातून सहा वेळा कोणी ना कोणी दार वाजवतं. घरातल्या कोणाला तरी बाहेर उभं करून दार वाजवायला सांगा, आणि प्रत्येक टकटकीला कुत्र्याला त्याच्या गादीवर जाऊन बसल्याबद्दल खाऊ द्या. खारीच्या हे अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. आता बेल वाजली की ती भुंकत नाही, गादीकडे धावते आणि माझ्या खिशाकडे बघते.

पिशवीत काय भराल? रोजचं खाणं, मुक्कामाचे दिवस मोजून आणि वर दोन दिवसांचं जास्त. हॉटेलवाले प्रेमाने उकडलेलं चिकन आणि भात आणून देतात, पण नव्या खाण्याने पोट बिघडलं तर ते गालिच्यावर बिघडतं. खाण्याचं आणि पाण्याचं भांडं, शी उचलायच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, दोन मोठे जुने टॉवेल (हॉटेलचे पांढरे टॉवेल पायांना लावू नका), पलंगावर टाकायला आपली चादर, केस काढायचा चिकट रोलर, रोजची औषधं. माणसांच्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, त्या विषारी ठरू शकतात. आणि एक जुनी, न धुतलेली गोधडी. माझ्या सासूबाईंनी नऊवारीची शिवलेली एक आहे, खारी त्यावरच झोपते. पहिल्या रात्री त्या मऊ गालिच्यावर ती दाराकडे तोंड करून तासभर बसून राहिली. एसीचा आवाज नवा, वास नवे. गोधडी अंथरली, तिने तीनदा गोल फिरून नाक आत खुपसलं आणि मोठा सुस्कारा टाकला. मग मलाही झोप लागली.

खोलीत शिरल्यावर पट्टा सोडण्याआधी पाच मिनिटं आपण फिरायचं. टेबलावर स्वागताची टोपली असते, त्यातली द्राक्षं आणि चॉकलेटं ताबडतोब कपाटात, वरच्या खणात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांची किडनी निकामी करू शकतात, हे अनेक प्रेमळ लोकांनाही माहीत नसतं. मिनीबारमधले मॅकाडेमिया नट्स आणि शुगरफ्री च्युइंगमही तिथेच, काही च्युइंगमांत झायलिटॉल असतं, साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विषारी. कुंडीत डिफेनबॅकिया हे शोभेचं, पण कुत्र्यांना विषारी झाड असेल तर ती बाहेर ठेवायला सांगा. बाल्कनी असेल तर कठड्याच्या फटी बघा. काचेचं सरकतं दार असेल तर पडदा अर्धा ओढून ठेवा, नाहीतर कुत्रा धावत जाऊन आपटतो.

शी-शूची जागा दिवसाउजेडीच बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी हिरवळ असते, पण ती फक्त बघण्यापुरती असते. ज्या कुत्र्याला मातीचीच सवय आहे तो सिमेंटवर करत नाही आणि रात्रभर धरून ठेवतो. घरी असतानाच एका ठरावीक शब्दावर करायची सवय लावली तर अनोळखी जागी फार सोपं जातं, आमचा शब्द ‘चला बाई’ आहे. मार्च ते मे या दिवसांत फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. फुटपाथवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पग, शि त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुंबईची दमट हवा लवकर धाप लावते. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ऊन लागून ते १०५ च्या वर गेलं तर अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टर गाठा.

डॉक्टर कुठला, हे त्या वेळी शोधायचं नाही. दक्षिण मुंबईत राहणार असाल तर महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल तर आजोबांच्या वेळेपासून आहे, जुनी माणसं अजून त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. जुहू किंवा विमानतळाच्या बाजूला राहणार असाल तर त्या भागातल्या रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याला आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. तो नंबर नवऱ्याच्याही फोनमध्ये हवा.

जायच्या दिवशी निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं. टॅक्सी मागवली तर आधी फोन करून कुत्रा आहे हे सांगा, सीटवर आपली चादर घाला. बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांसाठी एवढंच, की कुत्रा जवळ ठेवायचा असेल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा केबिन (चार बर्थची) आपल्या नावावर लागते, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात जावं लागतं. मी खारीला तसं कधीच पाठवणार नाही.

निघायच्या सकाळी पाऊण तास हाताशी ठेवा. रोलर गालिच्यावर, खुर्चीवर, पडद्याच्या खालच्या कडेवर फिरवा. कुठे डाग पडला असेल तर लपवू नका, साफसफाईला येणाऱ्या ताईंना दाखवा, ओला असतानाच सांगितलं तर त्यांचं काम हलकं होतं. त्यांच्यासाठी वेगळं पाकीट ठेवा, कारण केस शेवटी त्याच काढतात. मागच्या वेळी त्या ताई दाराशी आल्या तेव्हा खारी गोधडीवर बसून होती. त्यांनी आधी लांबूनच विचारलं, ‘चावत नाही ना?’ मग खाली बसून तिच्या कानामागे खाजवलं. त्यांच्याही घरी, विरारला, असाच एक आहे म्हणाल्या.