युद्धाचे माहितीपट वर्गात दाखवताना आणि स्वतः अभ्यासताना या चुका टाळा

जपानने ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर या हवाई बेटांवरील अमेरिकन नौदल तळावर केलेल्या हल्ल्याची म्हणून जी दृश्ये माहितीपटांत दिसतात, त्यांतली कित्येक त्या दिवशीची नाहीत. प्रत्यक्ष हल्ला सुरू असताना फारच थोडे चित्रीकरण झाले होते. पुढे दिग्दर्शक जॉन फोर्ड आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी अमेरिकन नौदलासाठी ‘डिसेंबर सेव्हन्थ’ हा चित्रपट केला आणि त्यात प्रतिकृती व स्टुडिओतील देखावे वापरून हल्ला नव्याने उभा केला. १९४३ सालच्या या चित्रपटातील तुकडे नंतरच्या माहितीपटांत खऱ्या घटनेचे चित्रण म्हणून बिनदिक्कत वापरले गेले. हे कोणी सांगितले नाही, तर विद्यार्थी डोळ्यांनी पाहिलेले खरे मानणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

मी अनेक वर्षे माहितीपट वर्गात वापरत आले आहे आणि यापुढेही वापरीन, कारण खंदकातला चिखल किंवा निर्वासितांची रांग पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदातून तितकी पोचत नाही. परंतु माहितीपट कोणीतरी, कधीतरी, कोणासाठी तरी केलेला असतो. जुने पत्र किंवा सरकारी आदेश इतिहासाचा विद्यार्थी ज्या बारकाईने तपासतो, त्याच बारकाईने तोही तपासला पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका एवढे एक भान सुटल्यामुळे होतात.

पूर्ण माहितीपट एका बैठकीत दाखवणे

तासिका ४० मिनिटांची आणि माहितीपट ५० मिनिटांचा, अशा वेळी तो लावून देऊन वर्ग अंधारात बसवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. आठ ते दहा मिनिटांचा भाग निवडावा, तो आधी स्वतः पूर्ण पाहावा आणि दाखवण्यापूर्वी फळ्यावर एकच प्रश्न लिहावा. ‘नीट लक्ष देऊन पाहा’ ही सूचना विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. ‘या भागात शत्रूचा एक तरी चेहरा जवळून दिसतो का?’ असा प्रश्न दिला, की मागच्या बाकावरचा मुलगाही सावरून बसतो.

चित्र, आवाज आणि निवेदन यांना एकच पुरावा समजणे

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याकडे सावकाश पाहू. पहिल्या महायुद्धातील फ्रान्समधली सॉमची लढाई १ जुलै १९१६ रोजी सुरू झाली आणि त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण हताहत झाले, त्यांपैकी १९,२४० जण मृत्युमुखी पडले. ऑगस्टमध्येच ‘द बॅटल ऑफ द सॉम’ हा चित्रपट ब्रिटनमधील चित्रपटगृहांत दाखवला जाऊ लागला. त्यात सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतले काही कोसळतात, ते दृश्य आजही जवळजवळ प्रत्येक माहितीपटात येते. मात्र हा भाग आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम घडवून चित्रित केलेला आहे, असे अभ्यासक मानतात. त्याच चित्रपटातला जखमींना पाठीवरून वाहून नेणारा भाग मात्र खरा आहे.

खंदकातून वर चढण्याचे दृश्य मी वर्गात आवाज पूर्ण बंद करून लावते आणि एवढेच विचारते, ‘कॅमेरा कुठे उभा आहे?’ पहिल्यांदा कोणी बोलत नाही. दुसऱ्यांदा लावल्यावर कोणीतरी म्हणते, ‘बाई, तो तर उघड्यावर आहे, मग त्याला गोळी कशी लागली नाही?’ मग दुसऱ्या कोणाच्या लक्षात येते, की सैनिकांच्या पाठीवर चढाईच्या वेळचे पुरेसे सामान दिसत नाही. अशा वेळी सगळेच चित्रण खोटे, असा निष्कर्ष मुले उत्साहाच्या भरात काढतात. म्हणूनच लगोलग जखमींचे दृश्य दाखवावे आणि दोन्हींतला फरक त्यांनाच शोधू द्यावा.

आवाजाचेही तसेच आहे. युद्धभूमीवरचे बहुतेक जुने चित्रण मूक आहे. तोफांचा गडगडाट, बुटांचा आवाज आणि विमानांची घरघर नंतर ध्वनिमुद्रण कक्षात जोडलेली असते. ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या २०१८ च्या माहितीपटात पहिल्या महायुद्धाच्या चित्रणाला रंग, सारखी गती आणि आवाज दिले गेले आणि सैनिकांच्या ओठांच्या हालचाली वाचून त्यांच्या तोंडी शब्दही घातले गेले. ते काम मेहनतीने झाले आहे, पण गणवेशाचा रंग म्हणजे आजच्या माणसाने घेतलेला निर्णय आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असायला हवे. इंटरनेटवर कोणीही संगणकाकडून रंगवून घेतलेल्या चित्रफितींच्या बाबतीत तर मूळ कृष्णधवल प्रत शोधल्याशिवाय त्या वापरूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्मितीचे साल न पाहणे

‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही दुसऱ्या महायुद्धावरील २६ भागांची मालिका १९७३-७४ मध्ये प्रसारित झाली आणि ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. पण जर्मन गुप्तसंदेश ब्रिटनने फोडल्याची हकीकत जगापुढे उघडपणे आली ती १९७४ मध्ये. जर्मन पाणबुड्यांचा ठावठिकाणा याच संदेशांतून कळत असे, त्यामुळे अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धाचा या मालिकेतला खुलासा साहजिकच अपुरा राहतो. कातिनच्या जंगलातील पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडाची जबाबदारी सोव्हिएत सरकारने १९९० मध्ये मान्य केली; तोवर ते जर्मनांना दोष देत होते, त्यामुळे त्याआधीच्या माहितीपटांतली भाषा त्या नजरेने ऐकावी लागते.

दोन माहितीपटांतले आकडे जुळत नाहीत, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. फेब्रुवारी १९४५ मधील ड्रेस्डेन या जर्मन शहरावरील बॉम्बहल्ल्यातील मृतांचा आकडा एके काळी लाखाच्या पुढे सांगितला जात असे, कारण नाझी प्रचारयंत्रणेने फुगवलेले आकडे पुढे फिरत राहिले. इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये तो २५,००० पर्यंत असल्याचा निष्कर्ष दिला. आकडे वेगळे आले, की मधला आकडा घेऊन मोकळे होऊ नये. कोणता आकडा कधी आणि कशाच्या आधारावर आला, हे शोधावे.

जिथे कॅमेरा नव्हता, ते विसरणे

ज्यूंच्या संहाराविषयी माहितीपटांत दिसणारी मृतदेहांची अनेक दृश्ये जर्मनीतील बर्गन-बेल्सन या नाझी छावणीची आहेत. ती छावणी ब्रिटिश सैन्याने १५ एप्रिल १९४५ रोजी मुक्त केली आणि सोबत कॅमेरे होते. विषारी वायूने माणसे मारण्यासाठीच उभारलेली ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक ही केंद्रे मात्र नाझींनी १९४३ मध्येच पाडून टाकली होती. म्हणून तिथले तसे चित्रण नाही आणि विद्यार्थ्याच्या मनात ती नावेही उरत नाहीत. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लांझमान यांनी ‘शोआ’ या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात जुने चित्रण अजिबात वापरले नाही. त्यांनी जिवंत साक्षीदार आणि आज ओस पडलेल्या जागा एवढेच दाखवले. त्यातला एक छोटा भाग बेल्सनच्या दृश्यांशेजारी ठेवला, तर चित्र नसण्याचा अर्थ वर्गाला समजू लागतो.

अशी दृश्ये दाखवण्याआधी काय दिसणार आहे ते साध्या शब्दांत सांगावे, नको असेल त्याला बाहेर बसण्याची मुभा द्यावी आणि घंटा वाजण्यापूर्वी बोलण्यासाठी किमान दहा मिनिटे ठेवावीत. एखादा विद्यार्थी हसला, तर त्याला सर्वांसमोर झापू नये. ते हसू पुष्कळदा धास्तीचे असते. नंतर एकट्याला गाठून विचारावे.

एकट्याने अभ्यास करताना

एकामागून एक भाग पाहत गेल्याने विषय कळल्याचा भास होतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो भास मोडतो. एक भाग पाहून झाला, की पडदा बंद करून अर्धे पान आठवणीतून लिहावे आणि मगच पुढचा भाग लावावा. टिपण घेताना मिनिट आणि सेकंद लिहावेत, अन्यथा तेच वाक्य शोधण्यात तास जातो. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: काय दिसले, काय ऐकू आले आणि कोण बोलले. तिसऱ्या रकान्यात बोलणारा साक्षीदार असेल, तर त्याचा तेव्हाचा हुद्दा, तो कुठे होता आणि घटनेनंतर किती वर्षांनी बोलतो आहे हेही नोंदवावे. तीस-चाळीस वर्षांनंतरच्या मुलाखतीत भीती, थंडी आणि मित्राचे नाव बहुधा पक्के असते, पण तारीख आणि तुकड्यांची हालचाल दुसरीकडे पडताळावीच लागते. शेवटची श्रेयनामावली सुरू झाली, की चित्रफीत बंद न करता थांबवावी, चित्रण ज्या संग्रहांतून घेतले आहे त्यांची नावे त्याच पानाच्या तळाशी उतरवावीत आणि ज्या दृश्याने सर्वांत जास्त हलवले, त्याची मूळ नोंद त्या संग्रहाच्या सूचीत शोधायला बसावे.